सायबर तपासात नव्याने येताय? आधी एवढं सांभाळा

कोडिंग येत नाही म्हणून घाबरू नका. आता साध्या मारहाणीच्या खटल्यातही फोनमधला पुरावा येतो, त्यामुळे या कामाला माणसं हवीच आहेत. सुरुवातीला लागते ती शिस्त. तंत्र हळूहळू हाताला बसतं.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे जप्त केलेला संगणक लगेच चाळून बघणं. फाइल नुसती उघडली तरी वेळेच्या नोंदी बदलू शकतात, आणि बचाव पक्ष नेमकं तिथेच बोट ठेवतो. म्हणून:

- राइट ब्लॉकर (डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ न देणारं साधन) लावून डिस्कची हुबेहूब प्रत काढा. (फोनची पद्धत वेगळी, ती नंतर शिका.)
- मूळ आणि प्रत, दोन्हींची हॅश व्हॅल्यू (डेटावरून गणिताने निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळवा. ती काढायला एसएचए-२५६ ही पद्धत चालेल. पुढचं सगळं काम प्रतीवरच.
- पुरावा कोणाकडून कोणाकडे, केव्हा गेला, ते त्याच क्षणी लिहा.

आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) मिळाला म्हणजे गुन्हेगार सापडला, असं मानू नका. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असू शकतो. अचूक वेळ, टाइम झोन आणि पोर्ट क्रमांकही (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) मागवा.

घाई करायची ती लॉगसाठी, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या नोंदींसाठी. ते लवकर पुसले जातात. सर्व्हर परदेशात असेल तर आधी डेटा जतन करण्याची विनंती पाठवा. सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट कराराच्या सदस्य देशांत यासाठी २४ तास चालणारी संपर्क व्यवस्था आहे.

क्रिप्टो, मेमरी फोरेन्सिक (चालू संगणकाच्या मेमरीचा तपास) सध्या बाजूला ठेवा. आणि तक्रारदाराला ‘फसलातच कसे?’ असं कधीही विचारू नका. शरमेपोटी माणसं चॅट पुसून टाकतात, आणि तोच तुमचा पुरावा असतो.