माळ्यावरचं धनुष्य पुन्हा ताणावं का?

प्रश्न : माळ्यावर १२ वर्षं बांबूचं धनुष्य पडून आहे. आता १० वर्षांच्या मुलीसह तिघांनी सराव करायचा आहे. तेच वापरू का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी तपासा. कापसाचा बोळा दोन्ही बाजूंवरून हळूच फिरवा. धागे अडकले तर तिथं चीर आहे. मग ते भिंतीवरच शोभेल. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात बांबूला बुरशी आणि भुंगेराही लागतो, त्यामुळे बारीक भोकं आणि पिवळसर भुकटी दिसते का बघा. धड असेल तरी जुनी दोरी टाकून द्या. नवी चढवून पहिल्या दिवशी अर्धंच ताणा, सावकाश परत आणा. बाणाशिवाय दोरी सोडू नका; बाणात जाणारा जोर धनुष्यातच राहतो आणि ते फुटतं.

मुलीला मात्र हे देऊ नका. तिला ताणायला १० ते १२ पौंड जोर लागेल असं वेगळं घ्या, मोठ्यांना २० ते २५ पुरे. जास्त जोराचं घेतलं की खांदा वर जातो, नेम बिघडतो. सुरुवात ६-७ मीटरवरून. दोरी धनुष्य धरलेल्या हातावर सपकन बसते ती बहुधा कोपर आत वळल्यामुळे. कोपर बाहेर फिरवा, चामडी पट्टा बांधा. सराव संपला की दोरी उतरवायचीच.