सकाळी ज्यूस, रात्री गोळी… मग काय बिघडतं?

प्रश्न: माझं वय ६१. कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेतो. वजन उतरावं म्हणून महिनाभर सकाळी मोठा ग्लास ग्रेपफ्रूटचा (संत्र्या-मोसंबीच्या जातीचं कडवट फळ) ज्यूस पितोय. मेडिकलवाला म्हणाला हे दोन्ही एकत्र नको, पण मध्ये १२ तासांचं अंतर आहे, मग काय हरकत आहे?

उत्तर: मेडिकलवाल्याचं ऐका, तो बरोबर बोलतोय. अंतर ठेवलं की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण इथे ज्यूस आणि गोळी पोटात भेटतच नाहीत, भानगड वेगळीच आहे. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक एन्झाइम असतं, ते गोळीतलं बरंचसं औषध रक्तात जायच्या आधीच मोडून टाकतं, आणि डोस ठरवताना ते धरूनच ठरवलेला असतो. ग्रेपफ्रूट हे एन्झाइमच निकामी करतं, नवीन तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात आणि तुम्ही तर रोज पिताय, म्हणजे ते कधी पुरतं भरूनच येत नाही. गोळी तेवढीच, पण रक्तात औषध जास्त.

सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्याच दुसऱ्या गोळ्यांवर हा परिणाम सगळ्यात जास्त होतो, तुमच्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनवर त्यामानाने कमी, त्यामुळे घाबरू नका, पण रोजचा मोठा ग्लास आजपासून बंद. रोसुव्हास्टॅटिन, प्रव्हास्टॅटिनला याचा फारसा फरक पडत नाही, म्हणून शेजाऱ्याला चालतं म्हणजे आपल्याला चालेल असं धरू नका, स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. पपनसातही हीच द्रव्यं असतात. नेहमीचं गोड संत्रं खुशाल खा. आणि ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे हो, नावामुळे खूप जण द्राक्षं सोडून बसतात!

रोसुव्हास्टॅटिनवाल्यांची अडचण वेगळी, अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अ‍ॅसिडिटीचं औषध सोबत घेतलं तर गोळीचा निम्मा भाग वाया जातो, ते गोळीनंतर २ तासांनी घ्या. ‘रेड यीस्ट राइस’च्या (यीस्टने आंबवलेल्या लाल तांदळाच्या) कॅप्सूल तर कोणीच वर घेऊ नका, त्यात लोव्हास्टॅटिनच असतं, नैसर्गिक म्हणून विकलं तरी डोस डबलच. दारू रोज आणि भरपूर होत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, लिव्हरचा प्रश्न आहे.

औषध रक्तात जास्त झालं की स्नायूंना त्रास होऊ शकतो, म्हणून मांड्या, दंड विनाकारण दुखतायत, जिना चढताना पाय भरून येतायत असं या महिन्यात झालं का ते आठवून बघा आणि डॉक्टरांना ज्यूससकट सांगा. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दाखवा. गोळी मात्र मनाने बंद करू नका, सोडायचाय तो ज्यूस.