साखरेचं पाणी बेनेडिक्टच्या द्रावणात (काही साखरा ओळखायचं, तांब्याचे आयन असलेलं निळं द्रावण) तापवलं तरी निळंच राहतं, पण काजूच्या निऱ्याला, म्हणजे बोंडूच्या (काजूफळाच्या) रसाला, विटकरी रंग येतो. असं का?

तुमचा प्रयोग चुकलेला नाही. साखर म्हणजे सुक्रोज, आणि फोडल्याशिवाय ते बेनेडिक्टला दाद देत नाही. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज नेमके त्यांच्या क्षपण करणाऱ्या (इलेक्ट्रॉन देणाऱ्या) टोकांनीच एकमेकांना जखडलेले असतात, त्यामुळे तांब्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन द्यायला मोकळं टोक उरत नाही. बोंडू पिळून काढलेल्या निऱ्यात हे दोघे सुटेच असतात, म्हणून तांबडा क्युप्रस ऑक्साइड लगेच खाली बसतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या शाळेत मी मुलांकडून हे दर काजूच्या हंगामात करून घेते. मुलांना तो रंग स्वतः पाहू द्याच, पाठांतराने हे कळत नाही.

साखर फोडायची तर:
- साखरेच्या पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब टाकून परीक्षानळी उकळत्या पाण्यात 5 मिनिटं धरा.
- थंड झाल्यावर खायचा सोडा चिमटीचिमटीने घाला, फसफस थांबेपर्यंत. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो: बेनेडिक्टला अल्कधर्मी माध्यम लागतं, आम्ल उरलं तर रंग बदलतच नाही.
- मग बेनेडिक्ट घालून पुन्हा तापवा.

एक मात्र ध्यानात ठेवा. बोंडूत क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि तेही बेनेडिक्टचं क्षपण करतं, त्यामुळे निऱ्याच्या रंगावरून साखरेचं नेमकं प्रमाण काढू नका.