कांजिण्या मुलाला, घाई जावेची

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. परवा पाठीवर दोन पुटकुळ्या दिसल्या, आज अंगभर फोड. डॉक्टरांनी कांजिण्या सांगितल्या. सासूबाई म्हणतात, देवी आल्यात, आंघोळ घालायची नाही, हळद लावायची. घरात धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मुलाचं नंतर बघू. आधी जावेला विचारा, लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का, की लस घेतलीय? तिला आठवत नसेल तर तिच्या आईला फोन लावा. तिथूनही ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ आलं, तर आजच तिच्या डॉक्टरांना कळवा. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होत असते, त्यामुळे आता नुसतं माहेरी धाडून भागणार नाही. रक्त तपासून कळतं आणि वेळेत गेलं तर उपाय आहेत. तिच्या अंगावर फोड उठायची वाट बघू नका.

आता चिरंजीव. रोज कोमट पाण्यानं आंघोळ घाला, अंग टिपा, चोळू नका. सासूबाईंना पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकायचाय? टाकू द्या. त्यानं फोड लवकर जात नाहीत, पण बिघडतही नाही काही. देवीचा रोग वेगळा. आपल्या देशात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. हळदीला मात्र माझी ना. सांगलीत दवाखाना थाटून हळदीला नाही म्हणायचं, जिवावर येतं हो! पण फुटलेल्या फोडावर लेप बसला की खाली पू धरलाय का, तेच दिसत नाही. खाजेवर कॅलामाइन लोशन लावा. नखं आजच कापा. माझ्या भुवईवर अजून खळगा आहे, आठव्या वर्षी खपली उचकटल्याचा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं. बाटलीवर पाच मिलिलिटरमागे १२५ मिलिग्रॅम लिहिलंय की २५०, ते वाचून मगच चमचा भरा. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको. ताप चार दिवसांपुढे गेला, फोडाभोवतीची कातडी लाल-गरम होऊन दुखायला लागली, धाप लागली, सारख्या उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा चालताना तोल जायला लागला, तर तडक दवाखाना गाठा.

शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत शाळा बंद. साधारण आठवडा जातो. तोंडात फोड असतील तर तिखट नको, गार दहीभात द्या. सासूबाई दह्यालाही नाही म्हणतील. तेव्हा खुशाल माझं नाव सांगा.