आजोबांचा चावीचा एचएमव्ही १०२ पोर्टेबल ग्रामोफोन अनेक वर्षं बंद आहे; तो वाजवण्याआधी काय करावं?

चावी पूर्ण भरू नका. आधी मोटरचं तेल-ग्रीस आणि साउंडबॉक्सचं (सुई बसवलेल्या, आवाज काढणाऱ्या गोल डबीचं) रबर बदला, बहुतेकदा तेवढ्यानेच तो पुन्हा वाजतो. अशी यंत्रं मी दुरुस्त करतो आणि बिघाड जवळजवळ नेहमी याच दोन ठिकाणी सापडतो. स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस सुकलं की स्प्रिंग धाडधाड आवाज करत झटक्याने सुटते आणि सूर हलतो. गव्हर्नरला (वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाला) शिलाई मशीनचं तेल थेंबभर पुरे. साउंडबॉक्समध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा रबरी कड्यांमध्ये धरलेला असतो. रबर दगडासारखं कडक झालं की आवाज चिरका येतो. तो पडदा बोटाने दाबू नका, त्याला पोचा आला तर मूळ आवाज गेलाच.

मग वाजवताना:
- तबकडीच्या दर बाजूला पोलादी सुई नवी लावा. जुनी सुई तबकडी खरवडते, इथे काटकसर नकोच.
- फक्त मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या लावा. एलपी (नंतरच्या काळातली विनाइलची तबकडी) एकदा लावली तरी तिची खाच खराब होते.

एक मात्र सांभाळा: स्प्रिंगचा डबा घरी उघडू नका. स्प्रिंग उसळून हात कापू शकते, ते काम जाणत्या कारागिराकडेच द्या.