युरोपातल्या बागा आधी एकदम आखीव-रेखीव असायच्या, मग जंगलासारख्या 'नॅचरल' बागांची फॅशन कशी आली?

माझं मत विचाराल तर निसर्गप्रेम वगैरे नंतरचं, आधी जंगलाची भीती गेली. 17व्या शतकात आंद्रे ल नोत्रनं चौदाव्या लुईसाठी व्हर्सायची बाग आखली, तेव्हा झाडं भिंतीसारखी छाटणं, सरळ कालवा, शेकडो कारंजी, सगळं राजाचा हुकूम निसर्गावरही चालतो हे दाखवायला होतं. (चालत नव्हताच म्हणा, पाणी कायम कमी पडायचं, मग राजा फिरत जाईल तशी पुढची कारंजी चालू करायची आणि मागची बंद!)

18व्या शतकात इंग्लंडमध्ये नेमकं उलटं झालं. गावाची सामायिक कुरणं संसदेच्या कायद्यांनी कुंपणं घालून खाजगी होत होती, शेतं चौकोनी होत होती, आणि त्याच जमीनदारांना बागेत मात्र सरळ रेघ नको झाली. ब्लेनहाइम या इंग्लिश राजवाड्याच्या बागेत 'कॅपेबिलिटी' ब्राउन या बागरचनाकारानं छोटी नदी अडवून तलाव केला, तो माणसानं केलाय अशी बघून कुणाला शंकासुद्धा येणार नाही. गुरं लांबून चरताना दिसावीत पण घराशी येऊ नयेत म्हणून खोल चर खणायचे, हा-हा म्हणतात त्याला, घरातून तो दिसतच नाही. आणि देखाव्यात गाव आडवं आलं तर गावच उठवायचं, डॉर्सेटमधलं मिल्टन अ‍ॅबस असंच हलवलंय.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्कही तसंच. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या रचनाकारांचा प्लॅन 1858चा, पार्क आज 843 एकर, त्यातली तळी माणसांनी केलेली, आडवे रस्ते खाली खोल घातले म्हणजे वाहतूक दिसायला नको. तिथे सेनेका व्हिलेज म्हणून वस्ती होती, बहुतेक कृष्णवर्णीयांची, ती 1857 मध्ये रिकामी करवली.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते कॅलिफोर्नियातलं योसेमिटी खोरं. 1864 मध्ये लिंकननं ते खोरं राखीव केलं, लोकांना वाटलं वा, माणसाचा हात न लागलेला निसर्ग! प्रत्यक्षात तिथली मोकळी कुरणं तिथले मूळ रहिवासी मुद्दाम आगी लावून मोकळी ठेवायचे, आणि त्यांनाच 1851 मध्ये सशस्त्र तुकडीनं हुसकावलं होतं. आगी थांबल्या तशी कुरणांत झाडी घुसली, दाट वाढली, आणि आता पार्कवालेच हवामान बघून, ठरवून आगी लावतात.