पेपर ‘लावतात’ तो कुठं?

एका ज्येष्ठ वाचकांनी विचारलंय : “बंगळुरूत वाढलेली आमची नात सुट्टीला कोल्हापुरात आली आहे. ‘या महिन्यापासून दुसरा पेपर लावलाय,’ असं मी शेजाऱ्यांना सांगत होतो, तर ती भिंतींकडं बघत म्हणाली, ‘कुठं लावलाय?’ मला नीट सांगता आलं नाही. पेपर ‘लावणे’ बरोबर आहे का? की ‘वर्तमानपत्र घेतो’ असं म्हणावं?”

काका, ‘लावलाय’ हेच म्हणा. अस्सल मराठी आहे ते.

‘लावणे’ हे आपल्याकडचं फार राबणारं क्रियापद. दिवा लावतो, कुलूप लावतो, टीव्ही लावतो, शेतात ऊस लावतो. पण पेपर ज्या भावकीत बसतो ती वेगळी आहे. दूध लावलं, डबा लावला, खानावळ लावली, शिकवणी लावली, धुण्याभांड्याला बाई लावली. अलीकडं पोरं जिम लावतात, म्हणजे ही भावकी अजून वाढतेय. या सगळ्यांत बोलणं एकदाच होतं. नंतर रोज सांगावं लागत नाही. मिरजकर तिकटीला थांबून तुम्ही पेपर आणलात तर तो ‘घेतला’. तोच पेपर रोज पहाटे दारात येऊन पडायला लागला की ‘लावला’. नातीला ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून दाखवा, लगेच कळेल. हिंदीतही ‘अखबार लगवाना’ म्हणतात, तेव्हा ही लकब एकट्या मराठीची नाही.

या भावकीची पुरती खूण मला आमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात सापडते. स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि त्याला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. दूध आलं नाही की आजी त्या तारखेच्या चौकटीत ‘दू’ लिहायची, पेपर आला नाही की ‘पे’. महिनाअखेरीला दोघेही बिल मागायला आले की कॅलेंडर खाली उतरायचं आणि खाडे मोजले जायचे. ‘खाडा’ हा शब्द बघा. दुकान बंद असलं तर आपण खाडा म्हणत नाही. रोज येणाऱ्यानं एखादा दिवस चुकवला तरच खाडा. दुधाच्या अशा रोजच्या नेमाला ‘रतीब’ हा मूळचा अरबी शब्द आहे. नेमून दिलेलं, ठरलेलं असा त्याचा अर्थ. पेपरचा रतीब असं कुणी म्हणत नाही, पण खाडा मात्र दोघांचा एकच. छापलेला कागद दुधाच्या रांगेत जाऊन बसला याची याहून पक्की साक्ष मला माहीत नाही.

पेपर पहिल्यापासून असा घरगुती नव्हता. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालं, ते सुरुवातीला पाक्षिक होतं. अशा पत्रांचे असायचे ‘वर्गणीदार’. वर्गणी म्हणजे सगळ्यांच्या कामात आपला वाटा. तालमीच्या गणपतीला आपण आजही वर्गणीच देतो, किंमत देत नाही. १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला आपल्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, तीही याच अर्थानं मोठी वर्गणी म्हणायला हवी. माझा अंदाज असा, की पत्रं दैनिक झाली, सायकलवरून घरोघर जायला लागली, पैसे महिन्याला विक्रेत्याच्या हातात पडू लागले, तेव्हा वर्गणी मासिकांपुरती उरली आणि पेपर ‘लावला’ जाऊ लागला.

आता ‘वर्तमानपत्रा’बद्दल. काल घडलेलं छापतात, मग ‘वर्तमान’ कसं, ही शंका मला अनेकांनी विचारली आहे. जुन्या मराठीत ‘वर्तमान’ म्हणजे बातमीच. ऐतिहासिक पत्रांत ‘इकडील वर्तमान’ जागोजाग भेटतं आणि ख्रिस्ती मराठीत ‘शुभवर्तमान’ आजही जिवंत आहे. वृत्तपत्रातलं ‘वृत्त’ही त्याच ‘वृत्’ धातूचं. वर्तमान म्हणजे चाललेलं, वृत्त म्हणजे घडून गेलेलं. दोन्ही शब्द चोख आहेत, लिहिताना खुशाल वापरा. बोलताना मात्र ‘आम्ही वृत्तपत्र लावलंय’ हे कानाला खटकतं. ‘लावणे’ घरातलं क्रियापद आहे, त्याला घरातलंच नाम लागतं, आणि ते ‘पेपर’ आहे. इंग्रजीतून आला म्हणून त्याला हाकलण्याची गरज मला वाटत नाही; ‘पेपरात आलंय’, ‘पेपरला दिलंय’ म्हणताना तो मराठीच विभक्ती लावून फिरतो.

एक गोष्ट नातीला जरूर सांगा. ‘लावणे’ हे ‘लागणे’चं प्रयोजक रूप आहे. लागणे म्हणजे चिकटणे, आणि लागणे म्हणजे गरज पडणेही. आमच्या वडिलांना चहाबरोबर पेपर लागतो. १५ ऑगस्टला छापखान्यांना सुट्टी, म्हणून सोळाला पेपर येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी सोळाच्या सकाळी ते दार उघडून पायरीवर बघून येतात, “आज न्हाई न्हवं,” म्हणतात, आणि पंधराचाच अंक काढून छोट्या जाहिराती वाचत बसतात.